हिरवा म्हणजे नक्की कुठला?

गेले दोन वीकेंड या विषयावर लिहीन म्हणतोय. दोन्ही वेळा पहिल्याच परिच्छेदात शिव्या यायला लागल्या म्हणून सोडून दिलं. आज जरा शांत आहे. चहा झालाय, बाहेर पाऊस आहे, कुठे जायचं नाहीये. तर लिहूनच टाकतो.

विषय ऐकून हसाल. एक्सेलमधले रंग. म्हणजे नव्या एक्सेलमध्ये रंगवलेली शीट जुन्या एक्सेलमध्ये किंवा जुन्या फॉरमॅटमध्ये गेली की रंग बदलतात, ती भानगड. एका मित्राला सांगितलं तर म्हणाला, "अरे, लोक एआयवर लिहितायत आणि तू रंगपेटी घेऊन काय बसलायस?" बरोबर आहे त्याचं. पण आमच्या टीममधल्या एका मुलीचं अख्ख्या वर्षाचं अप्रेझल या रंगपेटीने खाल्लंय, त्यामुळे मला काही हसू येत नाही.

झालं असं. (कंपनी कुठली, क्लायंट कुठला हे विचारू नका. सांगणार नाही.) एका जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये डेटा न्यायचा होता. शनिवारी रात्री अकरा ते रविवारी सकाळी सहा एवढाच वेळ हातात. त्या रात्री कुठकुठले जॉब चालवायचे त्याची यादी एका शीटमध्ये, दोनशेच्या वर ओळी. आमच्या लीडने ती मोठ्या प्रेमाने रंगवली होती. पिवळा म्हणजे क्लायंटची परवानगी यायची आहे, हात लावू नका. फिकट हिरवा म्हणजे आज रात्री चालवा. आणि त्याहून किंचित गडद हिरवा म्हणजे चालवा, पण फायनान्सचा होकार आल्यावरच. वर लेजंड, तीन चौकोन आणि शेजारी अर्थ. दिसायला एकदम देखणी शीट. रिव्ह्यूमध्ये तिचं कौतुकही झालं होतं.

आता क्लायंटकडे या याद्या चढवायचं एक घरगुती टूल होतं. कुणीतरी कधीतरी लिहिलेलं आणि लिहिणारा केव्हाच सोडून गेलेला. ते फक्त जुनी एक्सएलएस फाइल घ्यायचं. म्हणून लीडने 'सेव्ह अ‍ॅज' केलं. एक्सेलने एक सूचना दाखवली, त्याने 'कंटिन्यू' दाबलं. (तुम्हीही दाबता. मीही दाबतो.) माणूस तसा काळजी घेणारा, त्यामुळे सेव्ह झालेली फाइल बंद करून परत उघडून पाहिली. सगळे रंग जागच्या जागी. पाठवून दिली. टूलने तिच्यावरून रात्रपाळीसाठी रंगीत यादी बनवली आणि त्या यादीत दोन्ही हिरवे राखाडी झाले. दोन्ही मिळून एकच राखाडी. वरच्या लेजंडमधले दोन चौकोनसुद्धा.

रात्रपाळीला ती होती. तिने अकराच्या सुमारास लीडला फोन केला, "राखाडी चालवायचे ना?" त्याच्या शीटमध्ये राखाडी नावाचा रंगच नव्हता आणि तो होता कुणाच्या तरी लग्नात, मागे बँड वाजतोय. तो म्हणाला, "पिवळे सोड, बाकी लिस्टप्रमाणे चालव." तिने लिस्टप्रमाणे चालवले. फायनान्सचा होकार न आलेले चौदा जॉबही त्यात चालले आणि काही पुरवठादारांना एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. सोमवारी क्लायंटचा मेल आला, त्यात बारा जण सीसीमध्ये. बुधवारपर्यंत कारणांचा रिपोर्ट तयार. त्यात मूळ कारण या रकान्यात दोन शब्द होते, 'ह्यूमन एरर'. खाली तिचं नाव.

हे दोन शब्द खोटे आहेत, हे मला सांगायचंय. आणि का खोटे आहेत हे नीट कळायला एक्सेलच्या पोटात थोडं शिरावं लागेल. कंटाळू नका, गंमत आहे त्यात.

एक्सेल ९७ पासून एक्सेल २००३ पर्यंत एका वर्कबुकमध्ये मोजून ५६ रंग असायचे. त्यातले ४० सेल रंगवायच्या यादीत दिसायचे, उरलेले १६ चार्टसाठी. मी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये पहिल्यांदा एक्सेल पाहिलं ते २००३चंच, आणि तो भडक गुलाबी, तो पोपटी अजून डोळ्यांसमोर आहे. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. सेलमध्ये रंग साठवलेलाच नसायचा. साठवलेला असायचा फक्त एक क्रमांक. 'या सेलला पेटीतला अमुक नंबरचा रंग लाव.' पेटी वर्कबुकची. 'टूल्स'मधल्या 'ऑप्शन्स'मध्ये जाऊन पेटीतला तो नंबर बदलला की त्या नंबरचे सगळे सेल बदलले. एका फाइलमधली शीट दुसऱ्या फाइलमध्ये नेली आणि त्या फाइलची पेटी वेगळी असली, की रंग वेगळे. म्हणजे 'एक्सेलमध्ये रंग बदलतात' ही तक्रार नवी नाही. पूर्वीही बदलायचेच, फक्त पेटीला हात लावणारे लोक कमी होते.

मग एक्सेल २००७ आलं. नवा एक्सएलएसएक्स फॉरमॅट, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर रंग. लोकांना वाटलं, आता सुटलो. पण रंगाच्या यादीत वर काय ठेवलंय पाहा. दहा रांगा उभ्या, प्रत्येकीत मूळ रंग आणि त्याच्या पाच छटा, म्हणजे साठ चौकोन. हे सगळे थीमचे रंग. त्यांच्या खाली 'स्टँडर्ड कलर्स' म्हणून एकच आडवी रांग, दहा चौकोनांची. वरच्या साठांपैकी काहीही निवडलं तर सेलमध्ये पुन्हा रंग साठवला जात नाहीच! साठवलं जातं ते असं: थीममधला ९ नंबरचा रंग, ०.५९९९ इतका फिकट करून. ९ नंबर म्हणजे कोण, ते फाइलमधली थीम ठरवणार. फक्त खालच्या दहातला रंग घेतला, किंवा 'मोअर कलर्स'मध्ये जाऊन घेतला, तरच लाल-हिरवा-निळा यांचे खरे आकडे फाइलमध्ये उतरतात.

म्हणजे पेटी गेली आणि थीम आली. रंगाऐवजी रंगाचा पत्ता लिहून ठेवायची सवय तीच.

आता आमच्या लीडचे दोन हिरवे घ्या. २०१३ ते २०२२ या काळातल्या ऑफिस थीममधला शेवटचा हिरवा, त्याची एक छटा ४० टक्के फिकट आणि दुसरी ६० टक्के फिकट. आकड्यांत मांडले तर पहिली १६९, २०८, १४२ आणि दुसरी १९८, २२४, १८०. डोळ्याला दोन्ही हिरव्या, आणि वेगवेगळ्या. फाइल एक्सएलएसमध्ये जाते तेव्हा या दोन्हींना ५६च्या पेटीतला जवळचा नंबर द्यावा लागतो. पेटीत फिकट हिरवा म्हणून एक आहे, २०४, २५५, २०४, चांगला भडक पुदिन्यासारखा. आणि फिकट राखाडी आहे, १९२, १९२, १९२. आता बारावीच्या गणिताने अंतर काढा. फरकांचे वर्ग करा, बेरीज करा. दुसऱ्या छटेपासून राखाडीचं अंतर येतं १२०४ आणि फिकट हिरव्याचं १५७३. पहिल्या छटेपासून राखाडीचं ३२८५ आणि फिकट हिरव्याचं ७२७८. दोन्ही वेळा राखाडी जिंकतो. डोळ्याला जो हिरवा वाटतो तो आकड्यांना राखाडी वाटतो, कारण आकड्यांना हिरवेपणा कळत नाही, फक्त अंतर कळतं. कॉम्प्युटरने काही चूक केली नाही. त्याला जे सांगितलं ते त्याने केलं.

पण मग लीडने फाइल परत उघडून पाहिली तेव्हा रंग बरोबर कसे दिसले? हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात बेरकी भाग आहे. एक्सेल २००७ आणि त्यापुढची एक्सेलं एक्सएलएस लिहिताना ५६ मधला नंबर तर लिहितातच, पण त्याच फाइलमध्ये वेगळ्या जादा नोंदींत मूळ खरा रंगही लिहून ठेवतात. जुन्या एक्सेलला या नोंदी समजत नाहीत, ते त्या सोडून देतं आणि नंबर वाचतं. नव्या एक्सेलला समजतात, ते खरा रंग दाखवतं. हेतू चांगला आहे हो. फाइल नव्यातून जुन्यात आणि परत नव्यात आली तर रंग टिकावेत. (जुन्यात कुणी फॉरमॅटिंगला हात लावलेला असेल तर नोंदींसोबतचा चेकसम जुळत नाही आणि त्या बाद होतात, इतका विचार केलाय.) पण परिणाम काय झाला? पाठवणाऱ्याला तपासून पाहायची जी एकमेव सोपी पद्धत होती, फाइल परत उघडणे, तीच खोटं बोलायला लागली. तुमच्या मशिनवर फाइल नेहमीच बरोबर दिसणार. चुकीची ती फक्त दुसऱ्याकडे दिसणार. आणि दुसऱ्याला मूळ काय होतं हे माहीतच नसणार.

आणि ती सूचना, जिच्यावर आपण सगळे 'कंटिन्यू' दाबतो? तिच्यात लिहिलेलं असतं की काही सेल्सचं फॉरमॅटिंग या फॉरमॅटमध्ये चालत नाही, ते उपलब्ध असलेल्या सर्वात जवळच्या फॉरमॅटमध्ये बदललं जाईल. आणि वर मथळा 'मायनर लॉस ऑफ फिडेलिटी'. मायनर म्हणे! शीटची शोभा म्हणून रंग दिला असेल तर मायनर, मान्य. पण 'हा जॉब चालवू की नको' एवढं जर फक्त रंगात लिहिलेलं असेल, तर ती मायनर हानी नाही, तो मजकूर पुसला गेलाय. एक्सेलला यातला फरक कळणं शक्य नाही. तो आपल्याला कळायला हवा होता.

आता कुणी म्हणेल, एक्सएलएस हा मेलेला फॉरमॅट आहे, एक्सेल २००३चा सपोर्ट २०१४ मध्येच संपला, कशाला जुनी मढी उकरतोस. मेलेला? ऑक्टोबर २०२० आठवा. इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ केसेस सरकारी आकड्यांतून आठवडाभर गळाल्या होत्या, कारण मधल्या एका पायरीवर एक्सएलएस फाइल होती आणि तिच्यात ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. ही गोष्ट ओळींची आहे, रंगांची नाही, पण मेलेला फॉरमॅट किती जिवंत असतो ते कळावं. बँकांत, कारखान्यांत, सरकारी कचेऱ्यांत, आणि आपण ज्यांचा मेंटेनन्स करतो त्या सगळ्या सिस्टिम्सच्या एक्स्पोर्ट बटणामागे तो बसलेला आहे. जावा लिहिणाऱ्यांना विचारा. अपाची पीओआयमध्ये एक्सएलएस लिहायचा वेगळा भाग आहे आणि त्यात अजूनही ती ५६ रंगांची पेटी सांभाळावी लागते.

बरं, समजा जगातली शेवटची एक्सएलएस उद्या डिलीट झाली. सगळ्यांकडे नवीन एक्सेल. सुटलो?

नाही ना. कारण ऑफिसची मूळ थीम स्वतःच तीनदा बदललीय. एक २००७ची, ती २०१० पर्यंत चालली. दुसरी २०१३ची, जिच्यात २०१६ मध्ये दोन निळ्यांनी आपापसात जागा बदलल्या. तिसरी २०२३ची, नव्या अ‍ॅप्टॉस फॉन्टबरोबर आलेली. एक गैरसमज आधी दूर करतो. जुनी फाइल नव्या एक्सेलमध्ये नुसती उघडली तर रंग बदलत नाहीत, कारण थीम फाइलच्या आतच असते. बदलतात ते एका फाइलमधून उचलून दुसरीत पेस्ट केल्यावर, किंवा अख्खी शीट दुसऱ्या वर्कबुकमध्ये हलवल्यावर. साधं पेस्ट केलं की सेल सोबत नंबर घेऊन येतो आणि नव्या घरातली थीम त्या नंबराचा अर्थ लावते.

आणि अर्थ काय लागतो ते बघा, इथे खरी मजा आहे. २०१३च्या थीममध्ये सहावा रंग हिरवा आहे, ११२, १७३, ७१. २००७च्या थीममध्ये सहावा रंग नारिंगी आहे, २४७, १५०, ७०. २०१३च्या थीममध्ये दुसरा रंग नारिंगी. २००७च्या थीममध्ये दुसरा रंग लाल. आता विचार करा, आपल्या इंडस्ट्रीत दर शुक्रवारी जे स्टेटस जातं त्यात रंग कुठले असतात? लाल, नारिंगी, हिरवा. टीमने नव्या फाइलमध्ये हिरवा भरून पाठवला. मॅनेजर तो २००९ पासून चालत आलेल्या आपल्या महान मास्टर शीटमध्ये पेस्ट करतो. हिरवा झाला नारिंगी, नारिंगी झाला लाल. सगळा प्रोजेक्ट एका पेस्टमध्ये एक पायरी खाली. मग सोमवारी सकाळी कॉल, 'व्हाय आर वी अ‍ॅम्बर?' आणि आपण एकमेकांकडे बघतोय. :) हे दोन्ही मशिनवर अगदी नवंकोरं एक्सेल असताना होतं. व्हर्जनचा वाद सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा नाहीच, ती फाइल कुठल्या साली जन्मली याचा आहे.

आत्तापर्यंत मी मायक्रोसॉफ्टला बोललो. ते सोपं असतं, सगळेच बोलतात. आता आपल्याकडे वळतो.

एक्सेलला स्वतःला रंग हा डेटा वाटत नाही. वर्षानुवर्षं ते आपल्याला हे सांगतंय आणि आपण ऐकत नाही. सेलचा रंग बदलून बघा, फॉर्म्युले पुन्हा मोजले जात नाहीत. रंगावरून मोजणारं साधं फंक्शन एक्सेलमध्ये नाही. 'हिरवे किती?' हे काउंटइफला विचारता येत नाही. ज्यांना विचारायचंच असतं ते मॅक्रो लिहितात, नाहीतर गेट-डॉट-सेल ६३ नावाचा एक्सेल ४च्या जमान्यातला उतारा शोधून काढतात, आणि तो काय देतो? पुन्हा त्याच ५६च्या पेटीतला नंबर. व्हीबीएमधलं कलरइंडेक्सही तसंच, तुमच्या लाख रंगांतून जवळचा नंबर काढून देणार, मग दोन वेगळ्या छटांना एकच नंबर आला तरी त्याला काही वाटत नाही. सीएसव्ही केली की रंग उडाले. एवढं सगळं असूनही २००७ मध्ये त्यांनी 'रंगानुसार फिल्टर' दिलं आणि आपण म्हटलं, चला, कॉलम कशाला वाढवायचा, रंगवून टाकू.

कारण खरं सांगू? रंगवणं सोपं असतं आणि लिहिणं अवघड असतं. 'फायनान्सचा होकार बाकी' असं लिहिलं तर कुणाचा होकार, कधीपर्यंत, कोण मागणार असे प्रश्न येतात. किंचित गडद हिरवा दिला तर काहीच प्रश्न येत नाहीत. रंग म्हणजे जबाबदारी न घेता मत नोंदवायची सोय. म्हणून तर मीटिंगमध्ये 'हे जरा ऑरेंज करून ठेवू' असं म्हणतात. काय झालंय ते बोलायचं नसतं आणि बोलल्यासारखं दिसायचं असतं.

आणि हे फक्त आपल्याकडच्या पोरांचं नाही. २००८ साली लेहमन ब्रदर्स बुडाली तेव्हा बार्कलेजने तिचा काही व्यवसाय विकत घेतला. कुठले करार घ्यायचे त्याची एक्सेल शीट होती, सुमारे हजार ओळींची. जे १७९ करार घ्यायचे नव्हते त्यांच्या ओळी डिलीट न करता फक्त लपवलेल्या होत्या. रात्री घाईघाईत वकिलांच्या ऑफिसमध्ये एका ज्युनियरने ती शीट नीटनेटकी करून पीडीएफ बनवली. ओळींची उंची बदलताना लपलेल्या ओळी वर आल्या आणि नको असलेले करार कोर्टात दाखल झालेल्या यादीत जाऊन बसले. नंतर ते काढून घ्यायला पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागला. तिथेही 'नको' हा शब्द फॉरमॅटिंगमध्ये ठेवला होता, आणि तिथेही रात्री चुकलेलं माणूस सगळ्यात ज्युनियर होतं. योगायोग म्हणा.

तिच्या बाबतीत मी हे सगळं बोललो होतो. म्हणजे बोलायला हवं होतं तेव्हा नाही, नंतर. त्या बुधवारच्या मीटिंगमध्ये मी होतो. मला तेव्हा ही जादा नोंदींची भानगड माहीत नव्हती, पण दोन हिरवे एक झालेत एवढं मला छापील यादीत दिसत होतं. मी गप्प बसलो. लीड माझ्याच कॉलेजचा, चांगला माणूस, आणि क्लायंट लाइनवर. तिने सांगायचा प्रयत्न केला की यादीत हिरवं काहीच नव्हतं. तिला विचारलं गेलं, "मग तू क्लॅरिफाय का नाही केलंस?" तिने फोन केला होता! पण फोनचं रेकॉर्ड नसतं आणि शीटचं असतं, आणि शीट लीडच्या लॅपटॉपवर हिरवीगार दिसत होती. स्क्रीन शेअर करून दाखवली त्याने. सगळ्यांनी पाहिली. संपलं.

पुढच्या आठवड्यात मी घरी बसून फाइल उघडून आत काय आहे ते पाहिलं आणि अंतरांचा वर मांडलाय तो हिशोब केला. मेल लिहिला. उत्तर आलं, 'थँक्स, गुड फाइंडिंग, वुइल टेक इट ऑफलाइन.' रिपोर्ट बदलला नाही. तिला त्या वर्षी सगळ्यात खालचं रेटिंग मिळालं, आणि चार महिन्यांनी तिने पेपर टाकले. आता बरी आहे, दुसरीकडे आहे, माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. ते असो.

काही लोक म्हणतील की उपाय सांग, नुसता तडतडू नकोस. उपाय आहेत आणि ते इतके साधे आहेत की लिहायला लाज वाटते. अर्थ शब्दांत लिहा. वेगळा रकाना करा, नाव द्या 'स्थिती', त्यात ठरावीक चार-पाच शब्दांची यादी लावून टाका म्हणजे कुणी भलतंच टाइप करणार नाही. मग त्या शब्दावरून कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग येऊ द्या, हवा तेवढा. रंग गेला, बदलला, राखाडी झाला, शब्द जागेवर राहतो. कृष्णधवल प्रिंट काढली तरी राहतो. आणि ज्यांना लाल-हिरवा वेगळा दिसतच नाही त्यांच्यासाठीही राहतो. युरोपीय वंशाच्या पुरुषांत असे सुमारे ८ टक्के असतात, आपले बरेच क्लायंट तिकडचेच. वेबवाल्यांना हे १९९९ पासून नियम म्हणून सांगितलं जातंय, फक्त रंगावर माहिती अवलंबून ठेवू नका म्हणून. एक्सेलवाल्यांना कुणी सांगितलं नाही, कारण एक्सेल वापरायला कुणी शिकवतच नाही.

रंग टिकायलाच हवे असतील, कंपनीचे ब्रँडचे वगैरे, तर 'मोअर कलर्स'मध्ये जाऊन आकडे घाला किंवा टीमची एकच थीम फाइल ठरवा आणि सगळ्यांनी तीच लावा. दुसऱ्या फाइलमध्ये नेताना पेस्ट स्पेशलमध्ये मूळ थीम ठेवायचा पर्याय आहे, तो वापरा. आणि एक्सएलएस द्यायचीच वेळ आली तर 'ऑप्शन्स'मधल्या 'सेव्ह'मध्ये खाली एक 'कलर्स' बटण आहे, जुन्या एक्सेलमध्ये कुठले रंग दिसतील ते ठरवायचं. इतकी वर्षं ते तिथे आहे. मी दहा-बारा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तिथे पेटीतले नको असलेले रंग काढून आपले हिरवे बसवता येतात, आणि मग जवळचा शोधायची वेळच येत नाही. आमच्या त्या फाइलमध्ये हे दोन मिनिटांचं काम होतं.

पण मला भीती अशी वाटते की लोक हा शेवटचा परिच्छेद लक्षात ठेवतील आणि आधीचं विसरतील. म्हणजे आणखी नेटके, आणखी टिकाऊ, आणखी सतरा हिरवे. आमच्या लीडने तेच केलं. पुढच्या मायग्रेशनला त्याने स्टँडर्ड रांगेतले रंग वापरले आणि मला अभिमानाने म्हणाला, "बघ, आता व्हर्जन-प्रूफ." मी विचारलं, जांभळा म्हणजे काय? म्हणाला, "अरे, लेजंडमध्ये आहे ना." लेजंड दुसऱ्या शीटवर होतं. ती शीट त्याने पाठवलेली नव्हती.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. ऑफिसचा मेल, रविवार असून. 'प्लीज चेक द आयटम्स इन यलो अँड रिव्हर्ट बाय मंडे मॉर्निंग.' फाइल उघडलीय. त्यात दोन पिवळे आहेत.